केबिनमधल्या निळ्या उजेडाची कुळकथा

रायपूरमधल्या पंडरीच्या जुन्या बसस्टँडवरून नागपूरला सुटणाऱ्या रात्रीच्या गाड्यांना निळ्या-जांभळ्या उजेडाचे वेड नेमके कधी लागले, याची नोंद कोणी ठेवली नसणार. स्टँड भाटागावला गेला, वेड मात्र गाड्यांसोबत गेले. स्लीपर कोचच्या छताला डकवलेली एलईडीची पट्टी पाहून एखादा प्रवासी म्हणतोच, "अगदी विमानासारखं!" गाडीमालकालाही तेच ऐकायचे असते. गंमत अशी की खुद्द विमानात हा उजेड ऐटीपायी शिरलेला नाही. त्याचे मूळ वजनकाट्यात आहे.

प्रवासी विमानांच्या पहिल्या पिढीत केबिनच्या दिव्यांना फारसे कामच नव्हते. भारताकडे येणारी इंपीरियल एअरवेजची विमाने मुख्यतः दिवसा उडत आणि रात्री प्रवाशांना विश्रामगृहात उतरवत. रात्रीचा प्रवास सुरू झाला तसे दिव्याचे महत्त्व वाढले, आणि आपल्याकडे रात्रीच्या विमानाचे माहेर म्हणजे नागपूर. ३० जानेवारी १९४९ पासून रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली. दळणवळण खाते तेव्हा रफी अहमद किडवईंकडे होते. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास इथून निघालेली विमाने मध्यरात्रीच्या सुमारास नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर जमत. टपालाच्या थैल्यांची अदलाबदल होई, प्रवासी या विमानातून त्या विमानात बसत आणि पहाटेपर्यंत सगळे मार्गी लागत. नकाशावर कलकत्ता-नागपूर सरळ रेघ ओढली तर ती रायपूरच्या थोडी उत्तरेकडून जाते. रायपूरकर साखरझोपेत असताना त्या रेघेवरून डाकोटा विमाने जायची, आणि त्यांच्या केबिनमध्ये असायचे साधे तारेचे बल्ब.

असा बल्ब विजेच्या अगदी थोड्या हिश्श्याचा उजेड करतो, बाकीची नुसती ऊब. घरात हा उधळेपणा बिलात दिसतो. विमानात तो दोनदा दिसतो: वीज इंजिनावरच्या जनरेटरने करायची, म्हणजे पेट्रोल जाळून, आणि त्या विजेची झालेली ऊब केबिनबाहेर काढायची, म्हणजे पुन्हा इंधन जाळून. वाचायला हवी एवढ्याशा उजेडाची चकती, आणि तिच्यासाठी हा सगळा खटाटोप.

ट्यूबलाइट १९३८ मध्ये अमेरिकेत बाजारात आली. ती विजेला किफायतशीर, पण तिच्यासोबत चोक आला. घरची जुनी पट्टी ज्याने कधी उतरवली असेल त्याला ठाऊक आहे की हाताला लागते ते वजन काचेचे नसते, चोकमधल्या लोखंडाचे असते. असे शेपन्नास चोक घेऊन उडणे परवडायचे कसे? विमानाच्या विजेनेच त्याचे उत्तर दिले. घरातली वीज सेकंदाला ५० आवर्तने घेते, विमानातली ४००. आवर्तने वाढली की तेवढीच शक्ती पेलायला लोखंड कमी लागते, त्यामुळे ट्रान्सफॉर्मर, मोटर, चोक सगळेच आक्रसतात. ४०० आवर्तनांची वीज काही दिव्यांसाठी निघाली नव्हती, पण तिच्या आधाराने ट्यूब विमानात स्थिरावली. जेटच्या जमान्यात ती छताच्या आणि भिंतीच्या खोबणीत लपून बसली आणि पुढची काही दशके हलली नाही.

त्या पिढीचे एक विमान रायपूरकरांनी चांगले ओळखून ठेवले आहे. ७ ऑगस्ट २०१५ रोजी ढाक्याहून मस्कतला निघालेले बांगलादेशी कंपनीचे एमडी-८३ इंजिन बिघडल्याने रायपूरच्या माना विमानतळावर उतरले. प्रवासी सुखरूप गेले, विमान राहिले. पुढे कित्येक वर्षे ते तिथेच उभे, आणि त्याच्या पार्किंगच्या थकबाकीच्या बातम्या येत राहिल्या. एमडी-८३ ही जात १९८५ च्या सुमारास सेवेत आली. शहराला ट्यूबलाइटच्या युगाचा हा नमुना आयताच मिळाला, तिकीट न लावता.

ट्यूबला हुसकावले ते निळ्या रंगाने. तांबडा एलईडी निक होलोन्याक यांनी १९६२ मध्येच करून दाखवला होता, पण तांबड्या उजेडात कोण जेवणार? निळा सापडायला तीस वर्षे गेली. जपानमध्ये शुजी नाकामुरा यांनी १९९३ मध्ये लख्ख निळा एलईडी बाजारात आणला. इसामु अकासाकी आणि हिरोशी अमानो यांच्यासह त्यांना २०१४ चे नोबेल मिळाले. निळ्या कणावर पिवळ्या फॉस्फरचा लेप दिला की पांढरा उजेड पडतो. तांबडा, हिरवा, निळा शेजारी बसवले की हवा तो रंग मिळतो. काच नाही, पारा नाही, जड चोक नाही, ऊब कमी. उजेडाचे रंग बदलण्याची सोय मात्र जवळजवळ फुकटात पदरात पडली. ऑक्टोबर २०१० मध्ये बोइंगने ७३७ चा एलईडी उजेडाचा नवा 'स्काय इंटीरियर' पहिल्यांदा फ्लायदुबईच्या हवाली केला, आणि सप्टेंबर २०१२ मध्ये एअर इंडियाचे पहिले ७८७ भारतात आले. रंग बदलणारे छत आपल्याकडे अनेकांनी त्याच विमानात प्रथम पाहिले. त्या ७८७ च्या केबिनखालच्या कंपोझिट तुळया नागपूरच्या मिहानमध्ये टाटांच्या कारखान्यात होतात. तिथेही ध्यास तोच, किलो कमी करण्याचा.

किलोचा हिशेब ढोबळच सांगायचा तर, जादा वजनाच्या साधारण तीन टक्के इंधन दर तासाला निव्वळ ते वजन वाहण्यात जाते. दहा तासांच्या उड्डाणात दहा किलोमागे तीनेक किलो इंधन झाले. एका फेरीत हे किरकोळ वाटते. पण विमान वीस-पंचवीस वर्षे उडते.

तरी एलईडीने नवी डोकेदुखी आणलीच. पंडरीच्या कापड बाजारात मुरलेले गिऱ्हाईक साडीचा रंग दुकानातल्या दिव्यावर ठरवत नाही, पदर घेऊन दारापर्यंत जाते. केबिनला असे दार नाही. उजेडात एखादा रंग तोकडा पडला की ताटातले वरण मळकट दिसते आणि शेजारच्याचा चेहरा आजारी. शिवाय एकाच कारखान्यातले दोन पांढरे एलईडी तंतोतंत एकसारखे निघत नाहीत, आणि वापरात प्रत्येक आपल्या चालीने उतरतो. चाळीस फूट सलग छतात एक पट्टी नवी बसवली तर ठिगळ दिसते. म्हणून चांगले उत्पादक प्रत्येक पट्टीचा रंग मोजून तिची दुरुस्ती तिच्याच चिपमध्ये लिहून ठेवतात. दिव्याच्या किमतीत या मोजणीचाही वाटा असतो, आणि तो बसच्या छतावरच्या पट्टीत नसतो.

या घराण्यातला सर्वात हलका दिवा पायाखाली आहे. २ जून १९८३ रोजी एअर कॅनडाचे डीसी-९ मागच्या शौचालयात आग लागल्याने सिनसिनाटीला उतरले. विमानातल्या ४६ पैकी २३ जण वाचले नाहीत. धूर वरून खाली भरत येतो, त्यामुळे छताचे दिवे असून नसल्यासारखे. रांगत निघालेल्या माणसाला वाट जमिनीलगतच दिसायला हवी. अमेरिकेने १९८४ मध्ये तसा नियम केला. सुरुवातीला जमिनीलगत बारीक दिव्यांच्या माळा आल्या, त्यांच्यासोबत वायरी आणि बॅटऱ्याही. वरून खाण्यापिण्याच्या ट्रॉल्यांची चाके जात, चहा सांडे, दिवे बंद पडत. मग १९९३ मध्ये जपानच्या नेमोतो कंपनीने स्ट्रॉन्शियम ॲल्युमिनेटचे चूर्ण शोधले. उजेड पिऊन ते अंधारात तासन् तास चमकते. त्याची पट्टी जमिनीला चिकटवली की वायर नको, बॅटरी नको, वीज नको.

ती उजेड पिते तो छताच्या दिव्यांचाच, आणि तोही मुख्यतः जांभळा-निळा. ट्यूबमध्ये पाऱ्यामुळे हा भाग मिळत असे. गरम छटेच्या एलईडीत तो तोकडा. त्यामुळे ट्यूब काढून एलईडी बसवताना, खालची पट्टी पुरेशी भरते का हेही तपासावे लागते. प्रवासी निजल्यावर लावलेला मंद तांबूस उजेड डोळ्यांना बरा, पण त्या पट्टीला उपाशी ठेवणारा. म्हणून दिवसाच्या पहिल्या उड्डाणाआधी केबिनचे दिवे पूर्ण पांढऱ्या उजेडात ठरावीक मिनिटे लावून ठेवायचे, आणि मगच विमान प्रवाशांसाठी मोकळे करायचे, असा या पट्ट्यांच्या वापराचा शिरस्ता आहे.