आपले ग्रुप फोटो : रोलपासून मोबाइलपर्यंत

या स्मरणिकेसाठी जुने फोटो गोळा करायचं काम समितीने माझ्याकडे दिलं, तेव्हा वाटलं होतं, दोन रविवारांचं काम आहे. मी सॉफ्टवेअरमधली. फाइली जमवायच्या, नावं द्यायची, छापखान्यात पाठवायच्या. प्रत्यक्षात तीन महिने गेले, आणि त्यातला बराच वेळ एकाच चेहऱ्यावर गेला.

मागच्या बाकावर बसणारा आपला तो मित्र २००९ साली गेला. नाव लिहीत नाही, तुम्हाला कळेलच. त्याची मुलगी आता कॉलेजात आहे. स्मरणिकेचं कळल्यावर तिने मला फोन केला, "मावशी, बाबांचा शाळेतल्या मित्रांबरोबरचा एखादा फोटो मोठा करून मिळेल का? आमच्याकडे फक्त लग्नातले आहेत."

माझ्याकडे त्याचे दोन फोटो होते. पहिला फेब्रुवारी १९९६ चा, दहावीच्या निरोप समारंभाचा, शाळेच्या पायऱ्यांवर काढलेला. दुसरा २००४ च्या आपल्या पहिल्या स्नेहमेळाव्यातला, त्याच पायऱ्यांवर. पहिला रोलवरचा, दुसरा डिजिटल. मी आधी दुसरा उघडला. नवं ते चांगलं, हे मी धरूनच चालले होते. पण मोठा करत गेले तसा चेहरा नाहीसा झाला आणि चौकोनी ठिपके उरले.

असं का झालं, ते समजायला थोडं मागे जावं लागतं.

फोटोच्या फिल्मवर चांदीच्या क्षारांचे बारीक स्फटिक जिलेटिनमध्ये पसरलेले असतात. प्रकाश पडला की त्यांच्यात बदल होतो आणि रोल धुतल्यावर चित्र उमटतं. १८८८ साली जॉर्ज ईस्टमनने रोलचा कोडॅक कॅमेरा आणला आणि फोटो काढणं हौशी माणसाच्या हातात आलं. १९२५ मध्ये लायका बाजारात आला आणि २४ बाय ३६ मिलिमीटरची छोटी निगेटिव्ह रूढ झाली. आपल्या घरचे ३६ फोटोंचे रोल त्याच मापाचे. आपल्या देशातही उटीला १९६० साली हिंदुस्थान फोटो फिल्म्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला. त्याची 'इंदू' फिल्म आपल्या आईवडिलांच्या पिढीतल्या अनेकांना आठवत असेल.

डिजिटलची गोष्ट सुरू झाली तीही कोडॅकमध्येच. १९७५ साली तिथल्या स्टीव्हन सॅसन या तरुण इंजिनिअरने फिल्मशिवाय चालणारा कॅमेरा जुळवला. वजन साडेतीन किलोंच्या वर, चित्र कृष्णधवल, १०० बाय १०० म्हणजे फक्त दहा हजार ठिपक्यांचं. एक फोटो कॅसेटवर उतरायला २३ सेकंद लागत. कोडॅकच्याच ब्राइस बायरला १९७६ मध्ये रंगीत चित्राच्या युक्तीचं पेटंट मिळालं. सेन्सरच्या निम्म्या ठिपक्यांवर हिरवी गाळणी, पाव भागावर लाल, पाव भागावर निळी. म्हणजे प्रत्येक ठिपका एकच रंग मोजतो. उरलेले दोन रंग शेजारच्या ठिपक्यांवरून गणिताने काढतात. आजही बहुतेक मोबाइलमध्ये हीच मूळ कल्पना आहे.

२००३ मध्ये कॅननचा ६.३ मेगापिक्सेलचा '३०० डी' अमेरिकेत हजार डॉलरच्या आत मिळू लागला आणि हौशी लोक भराभर डिजिटलकडे वळले. जानेवारी २०१२ मध्ये कोडॅकने दिवाळखोरीचा अर्ज केला. ज्या कंपनीत हे यंत्र जन्मलं, तिचाच फिल्मचा धंदा त्याने खाल्ला.

आता आपल्या दोन फोटोंकडे येऊ. २००४ चा कॅमेरा आपल्यातल्याच एकाने अमेरिकेहून आणला होता. दोन मेगापिक्सेल, म्हणजे १६०० बाय १२०० ठिपके. आपण सगळे त्याच्याभोवती गोळा झालो होतो, आठवतं ना? फोटो काढल्याबरोबर मागच्या काचेवर दिसतो, याचंच अप्रूप होतं. आता साधं गणित करा. रुंद रांगेत १६ जण. प्रत्येकाच्या वाट्याला आडवे १०० ठिपके. चेहरा त्याच्या एक तृतीयांश, म्हणजे जेमतेम ३३. उभे-आडवे मिळून अकराशे ठिपक्यांत एक माणूस. त्यात ऊन कडक आणि त्याचा शर्ट पांढरा. कॅमेऱ्याच्या जेपेग फाइलमध्ये प्रत्येक रंगाच्या उजेडाच्या २५६ पायऱ्या असतात. शेवटची पायरी गाठली की पुढचं सगळं सपाट पांढरं. त्या शर्टाची बटणंसुद्धा फाइलमध्ये नाहीत. जे नोंदलंच गेलं नाही, ते कुठलंही सॉफ्टवेअर खरेपणाने परत आणू शकत नाही. चेहरा 'सुधारून' देणारे प्रोग्रॅम मी वापरून पाहिले. चेहरा छान झाला, पण तो त्याचा नव्हता.

मग स्टेशन रोडवरच्या स्टुडिओत गेले. १९९६ चा फोटो काढणारे काका आता नाहीत. त्यांचा मुलगा दुकान चालवतो. त्याने माळ्यावरून पत्र्याचा डबा काढला. बटर पेपरच्या पाकिटांवर पेन्सिलने शाळेचं नाव आणि साल. "ग्रुप फोटोची निगेटिव्ह बाबा कधी टाकत नसत, कोणीतरी वर्षांनी कॉपी मागायला येतंच," तो म्हणाला. काका ग्रुप फोटोला १२० चा रोल वापरायचे. त्याची निगेटिव्ह सुमारे ५६ मिलिमीटर चौरस, म्हणजे घरच्या रोलच्या साडेतीन पटींहून मोठी. एका रोलवर बाराच फोटो, म्हणून तर ते "कोणी हलायचं नाही" असं ओरडायचे.

ती निगेटिव्ह इंचाला २४०० ठिपके या हिशोबाने स्कॅन केली. रुंदी भरली सुमारे ५३०० ठिपके. तिथेही रांगेत १६ जण. चेहऱ्याला ११० ठिपके, उभे-आडवे मिळून बारा हजारांच्या वर. अकरा पट! शिवाय रंगीत निगेटिव्ह जास्तीचा उजेड बराच सोसते. गणवेशाचा पांढरा शर्ट, खिशावरचा शाळेचा बिल्ला, अर्धवट मिटलेला डावा डोळा, सगळं होतं.

म्हणून रोल श्रेष्ठ, असं मात्र मी म्हणणार नाही. स्कॅनचा प्रत्येक ठिपका म्हणजे खरा तपशील नसतो, बरेचदा तो फिल्मचा दाणाच असतो. आपल्या १९९५ च्या गॅदरिंगचे संध्याकाळचे फोटो रोलवरचेच, पण दाणेदार आणि काळपट. कमी उजेडात आजचा मोबाइल त्यांना सहज मागे टाकतो. रंगीत निगेटिव्हमधले रंग वर्षांनुवर्षं उडत जातात. काही जणांच्या घरच्या निगेटिव्हना बुरशी लागली होती. दिवसाउजेडी मोबाइलवर काढलेल्या बारा मेगापिक्सेलच्या ग्रुप फोटोत तितक्याच लोकांतला चेहरा ८० ठिपक्यांच्या वर भरतो. काकांच्या निगेटिव्हच्या तो बराच जवळ येतो.

पण एक मोजमाप मला खटकलं. गेल्या वर्षीच्या भेटीचे जे फोटो तुम्ही बॅचच्या ग्रुपवर टाकलेत, ते मी उतरवून मोजले. रुंदी १६०० ठिपके. पाठवताना फोटो आपोआप लहान झाला होता. म्हणजे चांगला कॅमेरा हातात असून आपण पुन्हा २००४ वर आलो! मूळ फोटो मागितले, तर चौघांनी सांगितलं, मोबाइल बदलताना गेले.

काकांचा कॅमेरा भारी होता, पण त्या डब्यामुळे फोटो वाचला. मूळ प्रत कोणीतरी, कोणी मागितलेली नसताना, तीस वर्षं ठेवली.

तेव्हा एवढंच करा. घरातल्या निगेटिव्ह टाकू नका, कोरड्या जागी ठेवा. या मेळाव्याचे फोटो पाठवताना 'डॉक्युमेंट' म्हणून मूळ फाइल पाठवा. समिती दोन हार्ड डिस्कवर त्या ठेवणार आहे. एक शाळेच्या ऑफिसात, एक माझ्याकडे.

मोठा केलेला फोटो मी तिला कुरिअरने पाठवला. तिचा फोन आला. म्हणाली, "मावशी, फोटो काढताना माझा पण डावा डोळा असाच मिटतो."