एका शेरातून उभी राहिलेली जागा

मोगल इमारत म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर ताजमहाल नाही तर लाल किल्ला उभा राहतो. उंच घुमट, रुंद दरवाजे, कोट्यवधींचा खर्च. परंतु दिल्लीस हजरत निजामुद्दीन औलिया (रह.) यांच्या दर्ग्यात जाणाऱ्यांनी तेथील एक लहानशी जागाही पाहावी. अमीर खुसरोंच्या मजारीपासून ती फार दूर नाही. पुष्कळ जण घाईघाईने तिच्यावरून पुढे निघून जातात. ही जहांआरा बेगमची कबर होय.

जहांआरा ही शहाजहान व मुमताजमहल यांची थोरली मुलगी. जन्म १६१४ चा. आई बुऱ्हाणपूर येथे १६३१ मध्ये अल्लाला प्यारी झाली, तेव्हा ही अवघी सतरा वर्षांची होती. आईच्या संपत्तीतला निम्मा वाटा तिला मिळाला, पुढे सुरत बंदराचे उत्पन्नही मिळाले. आग्र्याची जामा मशीद (१६४८) तिने बांधविली, दिल्लीचा चांदणी चौक तिच्याच कल्पनेतला. म्हणजे इमारत कशी उभी राहते, तिला पैसा किती लागतो, हे तिला चांगले ठाऊक होते.

येथे आणखी एक गोष्ट पालकांच्या कानावर घालावीशी वाटते. या शहजादीला शिकविले ते एका स्त्रीने. सतीउन्निसा खानम तिचे नाव. जहांगीरच्या दरबारातील कवी तालिब आमुली याची ती बहीण. कुरआन पठण, फारसी काव्य आणि वैद्यक यांत निपुण. त्या शिक्षणाच्या बळावर जहांआराने १६४० च्या सुमारास ख्वाजा मुईनुद्दीन चिश्ती (रह.) यांचे चरित्र 'मुनिस-उल-अरवाह' फारसीत लिहिले. मुलगी आठवीत गेली की दाखला काढायला येणाऱ्या आपल्या बांधवांना मी हे नेहमी सांगतो. काही ऐकतात, काही "ती बादशहाची मुलगी होती, सर" म्हणून दाखला घेऊन जातात.

आता कबरीकडे वळू. बेगमने ही जागा आपल्या हयातीतच तयार करविली. डोक्याकडील शिळेवर फारसी शेर कोरला आहे. तिने स्वतःला गरीब म्हणवून, आपल्या कबरीला हिरवळीखेरीज दुसरे आच्छादन नको, असे त्यात मागितले आहे. त्याखाली ती स्वतःला फकीर, चिश्ती ख्वाजांची मुरीद व शहाजहानची कन्या म्हणविते, आणि हिजरी १०९२ हे साल आहे. इसवी सनाने १६८१.

त्या दोन ओळींनी साऱ्या जागेची रचना ठरविली. गवत उगवायचे तर माती हवी, म्हणून संगमरवरी कबर वरच्या बाजूस पोकळ ठेवून तीत माती भरलेली आहे. गवताला ऊन-पाऊस हवा, म्हणून घुमट नाही, साधे छतही नाही. चहूबाजूंना भिंती आहेत त्या जाळीच्या. वारा आणि उजेड आत खेळतो, आणि बाहेर उभ्या माणसालाही आतील हिरवळ दिसते. कवितेतील एक मागणी गवंड्याने आणि संगतराशाने अशी पुरी केली. कोणी म्हणेल, एवढी कोरीव संगमरवरी जाळी ही कसली गरिबी! हा आक्षेप मला अगदीच चुकीचा वाटत नाही. शहजादीला फकिरीदेखील संगमरवरातच सुचली. परंतु जिच्या आईसाठी ताजमहाल उभा राहिला, तिने मातीवर काही चढवू नका म्हणावे, यातील फरक मोठा आहे.

त्यामागे तिचे आयुष्यही होते. १६५८ च्या वारसायुद्धात ती दाराच्या बाजूची. १६५९ मध्ये दारा मारला गेला. आग्र्याच्या किल्ल्यात कैदेत पडलेल्या बापाची तिने १६६६ पर्यंत सेवा केली. पुढे औरंगजेबाने तिला पुन्हा मानाने दरबारी स्थान दिले.

तो औरंगजेब १७०७ साली अहमदनगरजवळ वारला व खुलदाबादला शेख झैनुद्दीन यांच्या दर्ग्याच्या आवारात दफन झाला. ती कबरही उघडी, वर माती, माथ्यावर आकाश. भोवतालची संगमरवरी जाळी पुष्कळ नंतर निजामाच्या काळात बसविली. युद्धात समोरासमोरच्या बाजूंना उभी राहिलेली ही भाऊ-बहीण. एकाची कबर आपल्या मराठवाड्यात, दुसरीची दिल्लीत. आणि पाऊस दोन्हींवर थेट पडतो.