पंचावन्न सेकंदांचा हिशेब

टूर संपली की सोमवारी रिकामं रिकामं वाटतं. तीन आठवडे रोज संध्याकाळी चारच्या पुढं फ्रान्समधल्या त्या शर्यतीत जीव अडकलेला असतो. धारा काढून, वैरण टाकून माणसं परत मोबाइलपाशी येऊन बसतात आणि नऊ-साडेनऊला त्या दिवसाचा टप्पा संपल्यावरच जेवायला उठतात. मग एका रविवारी पॅरिसात शेवटची घंटा वाजते, पिवळा जर्सीवाला हात वर करतो आणि सगळं थांबतं. जत्रा उठल्यावर माळावर नुसत्या खुंट्यांची भोकं उरतात, तसं होतं.

आम्ही चौघं-पाच जण आहोत गावात या नादाचे. वडिलांचं, म्हणजे अण्णांचं, स्टँडाजवळ सायकलचं दुकान होतं, त्यामुळं माझं एक कारण उघड आहे. एक निवृत्त गुरुजी आहेत, डेअरीचे सेक्रेटरी आहेत आणि माझा धाकटा चुलतभाऊ आहे. टूर संपल्यावर पुढचे आठ-पंधरा दिवस आमचं बोलणं एकाच गोष्टीवर चालतं. जिंकला कोण हे तर सगळ्यांना ठाऊक असतं. आम्ही हिशेब मांडतो तो दुसऱ्या नंबराचा. त्याची सेकंदं गेली कुठं?

ज्यांनी ही शर्यत पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. १९०३ साली एका वर्तमानपत्रानं खप वाढवण्यासाठी ती सुरू केली. हल्ली तिचे एकवीस टप्पे असतात आणि दर टप्प्याला पहिला कोण आला ते वेगळं मोजतात. पण खरी बेरीज वेळेची. रोजचा वेळ आदल्या दिवसाच्या वेळेत मिळवत जायचा आणि ज्याची बेरीज सगळ्यांत कमी, त्याच्या अंगावर पिवळी जर्सी. ही जर्सी १९१९ पासून आहे. त्या वर्तमानपत्राचा कागद पिवळा होता, म्हणून तो रंग. म्हणजे इथं एखादा दिवस गाजवून भागत नाही. पहिल्या दिवशी सांडलेलं अर्धं मिनिट विसाव्या दिवशी आडवं येतं. शेतकऱ्याला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. जूनमधली चूक त्याला दिवाळीत कळते.

असे हिशेब या शर्यतीत पुष्कळ आहेत. १९८९ साली लोराँ फिन्यों शेवटच्या सकाळी ५० सेकंदांनी पुढं होता. व्हर्सायहून पॅरिसपर्यंत साडेचोवीस किलोमीटर एकेकट्यानं घड्याळाविरुद्ध जायचं होतं. अमेरिकेच्या ग्रेग लेमाँडनं त्याच्यापेक्षा ५८ सेकंद कमी घेतली. तीन हजारांवर किलोमीटरची शर्यत आठ सेकंदांत गेली. त्याआधी फिन्योंनं ही शर्यत दोनदा जिंकलेली होती, पण पुढं जन्मभर लोकांना आठवले ते हे आठ सेकंद. २०२० ला, कोरोनाच्या दिवसांत, आम्ही स्वतः पाहिलं. प्रिमोझ रोग्लिच ५७ सेकंदांनी पुढं होता आणि पॅरिसच्या आदल्या दिवशी, १९ सप्टेंबरला, डोंगरावरच्या चढात त्याच्याच देशाच्या ताडेय पोगाचारनं त्याला धुऊन काढलं. रोग्लिचचं शिरस्त्राण डोक्यावर वाकडं झालं होतं. तो वर येऊन जमिनीवर बसला, मग उठला आणि पोगाचारला मिठी मारून आला. त्या रात्री आमच्यात कुणी बोललं नाही.

पण कुठल्याही सालचा विषय निघाला तरी गाडी शेवटी १९६४ वर येते, आणि रेमों पुलिदोर या नावावर थांबते.

पुलिदोर १९३६ साली मध्य फ्रान्समधल्या क्रझ भागात जन्मला. गरीब, डोंगराळ मुलूख. तांबड्या गाई, चेस्टनटची झाडं, लहान वावरं. आईबाप दुसऱ्याची जमीन वाट्यानं करायचे. चौदाव्या वर्षी शाळा सुटली आणि पोरगा रानात कामाला लागला. लष्करात भरती होईपर्यंत तो रेल्वेत बसला नव्हता असं सांगतात. त्याच्यासमोर होता जाक आंकतिल. तोही काही राजवाड्यात जन्मलेला नव्हता, बाप नॉर्मंडीत स्ट्रॉबेरी लावणारा माणूस. पण आंकतिलची ऐट वेगळी. गोरापान, केस विंचरलेले, सायकलवर बसला की पाठीवर पेला ठेवावा असा स्थिर. शँपेनचा शौकीन. पुढं त्यानं मोठी हवेलीच घेतली. १९६४ च्या आधी त्यानं चार टूर जिंकल्या होत्या आणि त्याच वर्षी इटलीची तसलीच मोठी शर्यत मारून तो इकडं आला होता.

सगळ्या फ्रान्सचे दोन तट पडले. एक आंकतिलचा, एक पुलिदोरचा. घराघरांत वाद. आपल्याकडं कुस्तीच्या मैदानात दोन तालमींची माणसं बसतात तसं झालं. जुन्या, खेड्यातल्या, हळूहळू मागं पडणाऱ्या फ्रान्सला पुलिदोर आपला वाटायचा. नव्या, चकचकीत, हिशेबी फ्रान्सचा चेहरा म्हणजे आंकतिल.

गुरुजींनी जुन्या फिती शोधून काढल्या आणि त्या वर्षीचे टप्पे आम्ही एकेक करून मांडले. पहिला मोनाकोचा. तिथं मैदानात शिरल्यावर पुलिदोर सगळ्यांच्या पुढं सुटला आणि रेषा ओलांडली. त्याला वाटलं, संपलं. पण अजून एक फेरी बाकी होती. ती फेरी आंकतिलनं मारली आणि जिंकणाऱ्याला मिळणारी एका मिनिटाची सूटही त्यालाच मिळाली.

दुसरा तूलूजचा. त्या दिवशी सकाळी डोंगरात आंकतिल पार गळाला होता. आदल्या सुट्टीच्या दिवशी अँडोरात त्यानं भाजलेल्या मेंढ्यावर ताव मारला होता. शिवाय एका ज्योतिषानं तो या शर्यतीत मरणार असं छापून आणलं होतं, त्याचीही भीती. तो मागं राहिला, पण धुक्यातून उतारावर जीव धोक्यात घालून परत आला. आणि मग तूलूज जवळ आल्यावर पुलिदोरच्या चाकाची तार तुटली. सायकल बदलली, मेकॅनिकनं मागनं ढकललं, त्या ढकलण्यात गडी पडला. दोन मिनिटांहून जास्त गेली. पुढं बायोनच्या घड्याळी टप्प्यात पंक्चर झालं.

अण्णा हे ऐकत होते. तूलूजचं ऐकून त्यांनी एकच विचारलं, "मागची तार का म्होरची?" कुणालाच माहीत नव्हतं. अण्णा म्हणाले, "मागची आसंल. वजन मागं आस्तंय. रातच्याला चाक हातानं फिरवून प्रत्येक तार बोटानं वाजवून बघायची. ढिली तार आवाज बद्द देती. कुनीतरी वाजवली न्हाई." त्यांच्या लेखी टूरचा निकाल तिथंच लागला होता.

मग १२ जुलैचा रविवार. प्वी द दोम हा १४६५ मीटर उंचीचा विझलेला ज्वालामुखी. वरती जाणारा रस्ता डोंगराला गुंडाळत जातो, एका बाजूला भिंतीसारखा डोंगर, दुसऱ्या बाजूला दरी. आंकतिल ५६ सेकंदांनी पुढं होता. चढावर पुलिदोर त्याला भारी, हे सगळ्या फ्रान्सला माहीत. तिथलं एक छायाचित्र जगभर गेलं आहे. दोघं खांद्याला खांदा लावून, कोपर कोपराला घासत, एकमेकांकडं न बघता चढताहेत आणि दोन्ही बाजूंनी माणसंच माणसं. आंकतिल आतून संपला होता. पण तो मागं न राहता मुद्दाम बरोबरीनं चालला, पुलिदोरला कळू नये म्हणून. पुलिदोरला कळलंही नाही. शेवटचा किलोमीटर उरला तेव्हा तो सुटला. वर पोचेपर्यंत ४२ सेकंद काढली. उरली १४.

दोन दिवसांनी, १४ जुलैला, त्यांच्या राष्ट्रीय सणाच्या दिवशी, व्हर्साय ते पॅरिस घड्याळी टप्पा होता. त्या प्रकारात आंकतिलचा हात धरणारा कुणी नव्हता. १४ ची ५५ झाली. साडेचार हजार किलोमीटर आणि पंचावन्न सेकंद. पाच टूर जिंकणारा आंकतिल हा पहिला माणूस ठरला.

पण गावोगावी लोक नाव घ्यायला लागले ते पुलिदोरचं. 'पुपू' म्हणायचे त्याला लाडानं. चौदा टूर केल्या त्यानं. तीनदा दुसरा, पाचदा तिसरा. पिवळी जर्सी एक दिवससुद्धा अंगावर आली नाही. फ्रेंच भाषेत कायम दुसऱ्या येणाऱ्या माणसाला त्याचंच नाव पडलं.

आमच्यात भांडण होतं ते इथं. धाकट्याला हा पुलिदोर अजिबात खपत नाही. एका वर्षी गुरुजी भरल्या गळ्यानं ही गोष्ट सांगत असताना तो उठून उभा राहिला. म्हणाला, "बास करा की गुरुजी. हरलेल्याच्या गळ्यात हार घालायची खोडच हाय आपल्या लोकास्नी. त्यो एक फेरी मोजायला चुकला आन् तुमी नशिबाला शिव्या घालताय."

कुणी काही बोललं नाही, कारण तो कशावरून बोलतो ते सगळ्यांना माहीत होतं. पोलीस भरतीत तो दोनदा थोडक्यात राहिला होता. एकदा दोन मार्कांनी, एकदा एकानं. तेव्हापासून चावडीवर, लग्नात, मयतीला जो भेटेल तो त्याला म्हणायचा, "थोडक्यात गेलं रे तुझं." प्रेमानंच म्हणायचे. पण रोज ते ऐकलं की माणूस मार्कांपेक्षा त्या प्रेमानंच खचतो. आपण हरल्यावर लोक आपल्यावर जास्त माया करतात, हे एकदा अंगवळणी पडलं की जिंकायची भूक मरते, असं त्याचं म्हणणं. पुलिदोरवरही त्या काळी हा आरोप झाला होता. लोकांच्या लाडानं त्याला दुसरेपणातच सुख वाटायला लागलं, असं बोलणारे होते.

मला त्याचं म्हणणं पुष्कळसं पटतं. आंकतिलवर आपण अन्याय करतो. भीतीनं पोटात गोळा असताना धुक्यातनं उतरणं, पायात त्राण नसताना चेहऱ्यावर दिसू न देणं, हे काही नशिबाचं काम नव्हे. त्यालाही कष्टाचाच घाम आला होता, तो दिसला नाही इतकंच. आणि पुलिदोर काही अभागी नव्हता. त्याच वर्षी त्यानं स्पेनची मोठी शर्यत जिंकली होती. पैसा मिळाला, मान मिळाला. पुढं दोघं मित्रही झाले. १९८७ ला कर्करोगानं आंकतिल ५३ व्या वर्षी गेला. पुलिदोर मात्र म्हातारपणीही दर जुलैला टूरबरोबर गावोगाव हिंडायचा. पुरस्कर्त्या बँकेचा पिवळा सदरा घालून लोकांना सह्या द्यायचा. जन्मभर न मिळालेला रंग म्हातारपणी रोज अंगावर. तो स्वतःच त्यावर हसायचा.

पण धाकट्याच्या म्हणण्यात एक गोष्ट सुटते असं मला वाटतं. खेड्यातल्या लोकांनी पुलिदोरवर जीव टाकला तो तो हरला म्हणून नव्हे. हरणारे दर वर्षी शंभरावर असतात, त्यांची नावं कुणाला माहीत? तो परत यायचा म्हणून. १९६४ नंतर अजून बारा वर्षं तो येत राहिला. १९७४ ला अडतिसाव्या वर्षी एडी मर्क्सच्या मागं दुसरा आला. १९७६ ला चाळिशीत तिसरा. मोनाकोची फेरी, तूलूजची तार, बायोनचं पंक्चर गाठीला बांधून जुलै आला की हा परत सुरुवातीच्या रेषेवर. पाऊस दगा देतो हे माहीत असून मृगाला कुरी धरणाऱ्या माणसाला त्याच्यात आपला माणूस दिसला, तर नवल काय? ही दया नव्हे. ओळख आहे. धाकट्याला भेटणारे लोक चुकत होते ते एवढंच. "थोडक्यात गेलं" म्हणून ते थांबायचे. "पुढची भरती कधी हाय?" हे कुणी विचारत नव्हतं.

पुलिदोर नोव्हेंबर २०१९ मध्ये गेला. २७ जून २०२१ ला ब्रिटनीतल्या एका चढावर त्याच्या मुलीचा मुलगा माथ्यू फान देर पूल एकटा सुटला, टप्पा जिंकला आणि पिवळी जर्सी घातली. त्याच्या बापानं, म्हणजे पुलिदोरच्या जावयानं, १९८४ साली ती एक दिवस घातली होती. जावयाच्या अंगावर आली, नातवाच्या अंगावर आली. नातवानं रेषेवर आभाळाकडं बोट केलं आणि नंतर कॅमेऱ्यासमोर हुंदके देऊन रडला. गुरुजी चष्मा पुसत होते. धाकटा म्हणाला, "पोरगं जिंकून रडलं, हे बघा," आणि हसला.

२०२३ च्या ९ जुलैला टूर पुलिदोरच्या गावातनं, साँ-लेओनार-द-नोब्लातनं निघाली आणि प्वी द दोमवर संपली. पस्तीस वर्षांनी शर्यत त्या डोंगरावर आली होती. आता रस्त्याच्या कडेनं रूळ टाकलेत, रस्ता अरुंद झालाय, म्हणून वरच्या टप्प्यात प्रेक्षकांना बंदी होती. ज्या जागी माणसांची भिंत होती तिथं नुसतं गवत. अण्णा तेव्हा नव्हते. गुरुजींनी बोट ठेवून दाखवलं, "साधारण इथं दोघांचे खांदे लागले होते."

धाकटा बराच वेळ बघत होता. मग म्हणाला, "लई उशिरा सुटला गडी. हितनं खाली, दोन किलोमीटर अलीकडनंच सुटायला पायजे हुतं." आणि कागद-पेन मागून घेऊन तो १४ सेकंद कशी निघाली असती ते मांडायला बसला.