मुदतीचा परवाना: पाटीच्या कागदाची कुळकथा

शहरातील कोणत्याही बाजारपेठेतून चालताना आपल्या मस्तकावर जे असंख्य फलक टांगलेले, झळकणारे आणि वाऱ्यावर डुलणारे दिसतात, त्यांतील बहुतेकांच्या पाठीशी पालिकेच्या दप्तरी एक कागद असावा, त्या कागदावर मुदत लिहिलेली असावी आणि ती सरताच धन्याने पुन्हा अर्ज करून परवान्याचे नूतनीकरण करून घ्यावे, हा मामूल आज इतका अंगवळणी पडला आहे की, तो कोठून आला याचा विचार सहसा कोणाच्या मनात येत नाही. व्यापाऱ्याला तो फी भरण्याचा वार्षिक जाच वाटतो आणि अनुज्ञापन खात्यातील कारकुनाला नित्याचे काम वाटते. परंतु या कागदाचे कूळ शोधीत मागे गेले म्हणजे त्याच्या एकेका कलमामागे पूर्वी कोसळलेल्या पाट्या आणि त्यांखाली सापडलेली माणसे उभी असलेली दिसू लागतात.

या कथेचा आरंभ मात्र निर्बंधाने झाला नाही, सक्तीने झाला. इंग्लंडचा राजा दुसरा रिचर्ड याच्या अमदानीत, 1393 साली, लंडन शहरात विक्रीसाठी मद्य गाळणाऱ्याने आपल्या दारावर निशाणी टांगलीच पाहिजे, न टांगल्यास त्याचे मद्य जप्त होईल, असा हुकूम झाला. मद्याची प्रत पारखण्यासाठी नेमलेल्या अधिकाऱ्याला ते घर दुरूनच ओळखता यावे, हा त्यातील व्यावहारिक हेतू होता. बहुसंख्य जनता निरक्षर आणि घरांना क्रमांक नाहीत, अशा त्या काळात सिंह, मुकुट, घंटा, मासा अशी चित्रे रंगविलेली पाटी हाच दुकानाचा पत्ता असे, आणि पाटी म्हणजे धन्याची लहर नसून नगराला द्यावयाची ओळख आहे, हे तत्त्व तेव्हाच प्रस्थापित झाले.

पुढे व्यापार वाढला, स्पर्धा वाढली, आणि शेजाऱ्याच्या पाटीमागे आपली पाटी झाकली जाऊ नये म्हणून जो तो ती अधिकाधिक मोठी करून लोखंडी दांड्यांच्या आधाराने रस्त्यावर पुढे पुढे सरकवू लागला. अरुंद गल्ल्यांतील उजेड आणि वारा त्या लाकूड-लोखंडाच्या छपराने अडविला, आणि वादळी रात्री त्यांच्या करकरण्याने लोकांची झोप उडू लागली. 1718 साली लंडनच्या फ्लीट स्ट्रीटलगतच्या ब्राइड लेनमध्ये एका जड पाटीच्या भाराने घराची दर्शनी भिंतच खाली आली आणि दोन तरुणी, एक चांभार व राजाचा जवाहिऱ्या असे चौघे जण मृत्युमुखी पडले. त्या चौघांपैकी कोणाचाही त्या पाटीशी देण्याघेण्याचा संबंध होता असे दिसत नाही. ते त्या वेळी तिच्याखाली होते, एवढेच. पॅरिसचा पोलीसप्रमुख सार्तीन याने 1761 साली पाट्या भिंतीला सपाट जडविण्याचे फर्मान काढले, आणि पुढच्याच वर्षी, 1762 मध्ये, वेस्टमिन्स्टरच्या रस्त्यांविषयीच्या कायद्याने लोंबत्या पाट्या उतरविण्याचा अधिकार मिळाला. त्याच दशकात घरांना क्रमांक देण्याची रीत लंडनमध्ये रुजू लागली आणि पत्ता सांगण्याचे पाटीचे जुने काम हळूहळू त्या क्रमांकांकडे गेले. पाटीकडे उरली ती केवळ जाहिरात.

रस्त्यावरून हुसकावलेली जाहिरात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात छपरावर चढली. इमारतींच्या माथ्यावर खांब आणि सांगाडे उभारून त्यांवर पुरुषभर उंचीची अक्षरे बसविण्याची टूम लंडनमध्ये निघाली. रस्त्यावरून पाहता ही अक्षरे आकाशाच्या पार्श्वभूमीवर दिसत, म्हणून त्यांना आकाशचिन्हे म्हणू लागले. वाऱ्याचा सारा जोर अशा उघड्या सांगाड्यावर येतो, आणि तो निखळला तर छपरावरून थेट पादचाऱ्यांवरच पडतो, हे ध्यानी घेऊन 1891 साली लंडनसाठी स्वतंत्र कायदा झाला. नव्या आकाशचिन्हांना मनाई करावी, आणि जी आधीच उभी आहेत त्यांना अल्प मुदतीच्या परवान्यावर राहू द्यावे, अशी ती तोड होती. मुदतीच्या परवान्याची कल्पना येथे ज्या रूपात प्रकटते ते लक्षात घेण्याजोगे आहे; आज आपण जिला नूतनीकरण म्हणतो ती तरतूद मुळात जुन्या सांगाड्यांना क्रमाक्रमाने निवृत्त करण्यासाठी योजिलेली होती.

हीच शब्दरचना सागर ओलांडून मुंबईस आली. मुंबई महानगरपालिकेच्या 1888 च्या अधिनियमातील कलम 328 त्याच्या आजच्या रूपात वाचले तर त्यावर लंडनच्या कायद्याची छाया स्पष्ट उमटलेली दिसते. आयुक्तांच्या लेखी परवानगीवाचून कोणीही आकाशचिन्ह उभारू वा ठेवू नये, आणि अशी परवानगी किंवा तिचे नूतनीकरण एका वेळी दोन वर्षांपेक्षा अधिक मुदतीचे असू नये, असे ते कलम सांगते. मात्र लंडनने जे संपविण्यासाठी योजिले, ते मुंबईत नियमनाचे साधन झाले. त्याच कलमात परवानगी आपोआप रद्दबातल होण्याचे प्रसंगही सांगितले आहेत. मजबुतीसाठी अधिकृत अभियंत्याच्या सूचनेवरून केलेली भर वगळता फलकात दुसरी कोणतीही भर घातली, फलकात किंवा त्याच्या भागात काही फेरबदल केला, अपघाताने वा जीर्णतेने तो किंवा त्याचा भाग पडला, ज्या इमल्यावर तो आहे त्यात फलक हलेल अशी वाढ वा दुरुस्ती झाली, अथवा तो इमलाच रिकामा पडला किंवा पाडला गेला, तर हातातील कागद निरर्थक ठरतो. परवाना दिलेल्या दिवशी जी वस्तू जशी आणि जेथे होती, त्या वस्तूपुरतीच संमती असते, हे यापेक्षा नेमक्या शब्दांत क्वचितच सांगता येईल. 1949 च्या प्रांतिक महानगरपालिका अधिनियमाने कलम 244 व 245 यांच्या रूपाने हाच वारसा पुण्यासारख्या शहरांकडे पोहोचविला.

दुकानदाराशी अधिक निकट संबंध येतो तो कलम 328अ शी. आपल्याच जागेतील धंद्याविषयीची साधी, प्रकाशित नसलेली पाटी असेल, तर हे कलम तिला परवानगीच्या बंधनातून मोकळे ठेवते. पण तीच पाटी आतून वा बाहेरून दिव्यांनी उजळली की सवलत संपते. म्हणून एकाच गल्लीत रंगाऱ्याने पत्र्यावर अक्षरे काढलेला किराणा दुकानदार निश्चिंत असतो, आणि शेजारच्या औषधविक्रेत्याला आपल्या ग्लो-साइनची लांबी-रुंदी अर्जात लिहून शुल्क भरावे लागते. महाराष्ट्राच्या दुकाने व आस्थापनांविषयीच्या कायद्यातील 2022 च्या दुरुस्तीने मराठी पाटीचे बंधन लहान आस्थापनांनाही लागू झाले, मराठी अक्षरे अन्य लिपीपेक्षा लहान असू नयेत असे ठरले, आणि सप्टेंबर 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यासाठी दोन महिन्यांची मुदत दिली. त्या वेळी ज्यांनी केवळ भिंतीवरची अक्षरे बदलली आणि दप्तरातील नोंद जुनीच राहू दिली, त्यांची प्रकाशित पाटी आणि तिचा परवाना यांची फारकत झाली. भाषेच्या अभिमानाने नवी पाटी लावणाऱ्या प्रत्येकाने परवान्याचा तो कागदही तितक्याच आस्थेने अद्ययावत करावा, असे मला कळकळीने वाटते.

13 मे 2024 रोजी मुंबईत घाटकोपरच्या छेडानगर येथे अवकाळी वादळात पेट्रोल पंपावर एक अजस्र जाहिरात फलक कोसळला आणि 17 माणसे प्राणास मुकली. पालिकेच्या नियमाने 40 फूट लांबी-रुंदीची कमाल मर्यादा असताना तो सुमारे 120 फुटांचा होता, आणि ती जागा रेल्वे पोलिसांच्या ताब्यात असल्याने परवानगी नेमकी कोणाची लागते, याचा वाद दुर्घटनेनंतर चव्हाट्यावर आला. ब्राइड लेनच्या त्या घटनेनंतर तीन शतके उलटली, तरी चूक तीच होती. आपल्या मस्तकावरील भार कोणी तपासला, केव्हा तपासला आणि पुन्हा केव्हा तपासणार, हे त्याखाली उभ्या असलेल्या नागरिकाला ठाऊक नव्हते, आणि ठाऊक असण्याची जबाबदारी ज्यांच्यावर होती त्यांच्यात एकवाक्यता नव्हती.

परवान्याची मुदत याच प्रश्नांना बांधलेली आहे. लोखंड गंजते, भिंती झिजतात, वरचा मजला वाढतो, भाडेकरू बदलतो. म्हणूनच कायद्याने संमती कायमची न देता ठरावीक काळापुरती दिली, आणि तो काळ सरल्यावर वस्तू पुन्हा पाहण्याचे कर्तव्य मालक आणि पालिका या दोघांवरही टाकले. निरीक्षकाने जागेवर न जाता जुन्या अर्जावर नवी तारीख घातली, किंवा संरचना अभियंत्याने सांगाडा न पाहता स्थैर्याचा दाखला दिला, तर फी जमा होते आणि कायद्याचा हेतू मात्र नष्ट होतो. रस्ता आणि त्यावरचे आकाश ही सर्वांची मत्ता आहे, आणि तिचा काही भाग धंद्यासाठी वापरू देताना नगर जी अट घालते, ती खाली चालणाऱ्या अनोळखी माणसाच्या वतीने घातलेली असते. नूतनीकरणाचा अर्ज भरणाऱ्याने आणि त्यावर सही करणाऱ्याने त्या अनोळखी माणसाला आपला खरा पक्षकार मानावे. तसे झाले तरच या सहा शतकांच्या कुळाचा वारसा आपण राखला असे म्हणता येईल.