गुणवत्तेचे आकाश कोणाचे?

१९२५ साली अमेरिकेच्या आर्मी वॉर कॉलेजने एक अहवाल तयार केला. काळा माणूस बुद्धीने आणि धैर्याने हीन, असा त्याचा निष्कर्ष. आधी दार बंद करायचे आणि मग आत कोणी नाही म्हणून पात्रताच नाही असे म्हणायचे, ही वर्चस्ववाद्यांची रीत आपल्याला नवी नाही. १८९०च्या दशकात इंग्रजांनी 'लढाऊ जाती'चे तत्त्व पुढे करून महारांची सैन्यभरती अशीच बंद केली होती.

बेंजामिन डेव्हिस (धाकटे) १९३२ मध्ये वेस्ट पॉइंट अकादमीत दाखल झाले. तेथे प्रवेशाला शिफारस लागे. ती दिली ऑस्कर डी प्रीस्ट यांनी, म्हणजे त्या वेळच्या काँग्रेसमधील एकमेव काळ्या सदस्याने. चार वर्षे सहाध्यायी त्यांच्याशी कामापुरतेच बोलले. खोलीत एकटे, जेवायला एकटे. आपल्या भाषेत याला बहिष्कार म्हणतात. १९३६ मध्ये २७६ जणांत ते ३५वे आले. तरीही विमानदलाने त्यांना नाकारले. काळ्यांची तुकडीच नव्हती!

काळ्यांच्या वृत्तपत्रांनी आणि संघटनांनी रेटा लावला, तेव्हा १९४१ मध्ये टस्कीगी येथे वेगळे प्रशिक्षण सुरू झाले. पहिल्या तुकडीतील १३ पैकी ५ जण वैमानिक झाले. डेव्हिस त्यांतले एक. १९४३ मध्ये त्यांच्या ९९व्या स्क्वाड्रनला नालायक ठरवण्याचा प्रयत्न झाला. डेव्हिस यांनी वॉशिंग्टनमध्ये समितीपुढे आपल्या माणसांची बाजू मांडली. जानेवारी १९४४ मध्ये अँझिओच्या आकाशात त्याच स्क्वाड्रनने दोन दिवसांत दहाहून अधिक जर्मन विमाने पाडली.

१९४८ मध्ये ट्रूमन यांनी सैन्यात समान वागणुकीचा आदेश काढला. १९५४ मध्ये डेव्हिस अमेरिकन हवाई दलाचे पहिले काळे जनरल झाले. चार ताऱ्यांचा हुद्दा मिळवणारे पहिले काळे अधिकारी डॅनियल जेम्स, साल १९७५. डेव्हिस यांना चौथा तारा मिळाला तो १९९८ मध्ये, निवृत्तीनंतर २८ वर्षांनी. २०२० मध्ये चार्ल्स ब्राउन हवाई दलप्रमुख आणि २०२३ मध्ये सैन्यदलांच्या संयुक्त प्रमुखांचे अध्यक्ष झाले. फेब्रुवारी २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्षांनी त्यांना मुदतीआधीच दूर केले.

गुणवत्ता डेव्हिस यांच्याजवळ १९३६ मध्येही होती. हुद्दा आला तो प्रतिनिधित्व, संघटित रेटा आणि कायदा यांच्या मागून. म्हणून कोणी आपल्याला पात्रता विचारली, तर आपण आधी विचारावे : दाराच्या किल्ल्या कोणाकडे आहेत?