वातापी आणि बादामी : अगस्त्यतीर्थाच्या काठावरील स्थलनामांचा विचार

दक्षिणेतील प्राचीन राजधान्यांपैकी ज्यांचे मूळ स्वरूप आजही डोळ्यांना प्रतीत होते अशा राजधान्या थोड्याच आहेत. पूर्वकालीन चालुक्यांची वातापी, म्हणजे कर्नाटकातील आजची बादामी, ही त्यांपैकी एक होय. दक्षिणेस व उत्तरेस तांबड्या वालुकाश्माचे दोन उभे डोंगर, त्यांच्या मधोमध पावसाचे पाणी अडवून केलेला अगस्त्यतीर्थ नावाचा विस्तीर्ण तलाव, आणि त्याच्या पश्चिमेस वसलेला गाव अशी या स्थळाची रचना आहे. दक्षिणेच्या डोंगरात चार लेणी आहेत. उत्तरेच्या डोंगरावर किल्ला व शिवालये आहेत. पूर्वेच्या टोकास पाण्यालगत भूतनाथाचे देवालय आहे. तलावाला एक वळसा घातला म्हणजे चालुक्यांच्या सुमारे दोन शतकांच्या इतिहासाची बहुतेक सर्व पाने उलटली जातात.

या इतिहासाची राजकीय बाजू पुष्कळ अभ्यासिली गेली आहे. जेम्स बर्जेस यांचा अहवाल १८७४ मध्ये प्रसिद्ध झाला. फ्लीट यांनी येथील लेखांचे वाचन केले. त्यानंतरच्या विद्वानांनी राजांची वंशावळ व देवालयांचा कालक्रम पुष्कळसा निश्चित केला. परंतु या काठावर आणखी एक साधन उघडे पडलेले आहे, त्याकडे मात्र तितकेसे लक्ष गेलेले नाही. ते साधन म्हणजे येथील नावे. बादामीच्या परिसरात एकाच वस्तूला दोन भाषांतील दोन नावे असल्याचे वारंवार आढळते. त्यांपैकी संस्कृत नाव ते मूळ व देशी नाव तो त्याचा अपभ्रंश, असे गृहीत धरून चालण्याची पद्धत रूढ आहे. हे गृहीत कितपत टिकते याचा विचार येथे कर्तव्य आहे.

१. प्रथम गावाचेच नाव घेऊ. उत्तरेच्या किल्ल्यातील एका शिळेवर पहिल्या पुलकेशीचा लेख आहे. त्याचा काल शके ४६५, म्हणजे इ. स. ५४३. शककालाचा स्पष्ट नामनिर्देश करणाऱ्या अगदी आरंभीच्या संस्कृत लेखांत त्याची गणना होते. या राजाने वातापीला अजेय असा दुर्ग केले, असे त्यात म्हटले आहे. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, लेखात वातापी हे नाव श्रेष्ठ अशा पर्वताला उद्देशून आले आहे. नाव मूळचे डोंगराचे, आणि त्यावरून पुढे ते नगराला लागले, असे म्हणावयास प्रत्यवाय दिसत नाही. इ. स. ६३४ च्या सुमारास रविकीर्तीने ऐहोळच्या प्रशस्तीत वातापी ही नगरी म्हणूनच उल्लेखिली आहे.

आता दुसऱ्या बाजूचा पुरावा पाहावा. मध्ययुगीन कन्नड लेखांत हेच नाव ‘बादावि’ असे येते आणि आजचे रूप बादामी आहे. आरंभीच्या ‘व’चा ‘ब’ होणे ही कन्नडची सुपरिचित प्रवृत्ती आहे. संस्कृत ‘वन’ शब्द कन्नडमध्ये ‘बन’ होतो. स्वरांमधील ‘त’चा ‘द’ व ‘प’चा ‘व’ होणे हे प्राकृत भाषांत नित्याचेच आहे आणि ‘व’ व ‘म’ यांची अदलाबदलही अपरिचित नाही. तेव्हा वातापी–बादावि–बादामी अशी सरळ परंपरा लावता येते, आणि ती नियमाला धरून आहे. येथवर रूढ समजाला कोठेच बाध येत नाही.

अडचण उभी राहते ती टॉलेमीच्या भूगोलग्रंथामुळे. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातील या ग्रंथात दक्षिणेच्या अंतर्भागातील नगरांची जी यादी आहे, तीत ‘बदिअमायोइ’ असे एक नाव येते. त्याच यादीत वनवासीचे नाव स्पष्टपणे ओळखू येते, आणि मोदोगुल्ल हे मुदगल असावे असे मानतात. या सान्निध्यामुळे बदिअमायोइ म्हणजे बादामी हे समीकरण अनेक विद्वानांनी स्वीकारले आहे. ते ग्राह्य धरल्यास, पुलकेशीच्या लेखापूर्वी जवळजवळ चारशे वर्षे ‘ब’, ‘द’ व ‘म’ हे तीनही वर्ण या नावात विद्यमान होते असे होते. ज्याला आपण अंतिम रूप समजतो ते उपलब्ध पुराव्यात सर्वांत आधी, आणि ज्याला आपण मूळ समजतो ते नंतर, असा हा उलटा क्रम आहे.

यावरून दोन अनुमाने संभवतात. एक असे की, वातापी हे रूप अतिप्राचीन असून टॉलेमीच्या काळापर्यंतच लोकांच्या मुखी त्याचे बादामीसारखे रूप झाले होते. दुसरे असे की, डोंगराचे मूळ नाव देशी होते आणि राजसभेतील पंडितांनी त्याला वातापी हा संस्कृत वेष चढविला. विदेशी लेखकाच्या कानांवरून व अनेक हस्तलिखितांतून आलेल्या एकाच रूपावर सगळा भार टाकणे इष्ट नव्हे. त्यामुळे दोहोंत अंतिम निवाडा देणे धाडसाचे ठरेल. तथापि एक गोष्ट निश्चित होते. लोकमुखातील रूप हे राजधानीच्या पडत्या काळात बिघडत गेलेले रूप नव्हे. चालुक्य येण्यापूर्वीच त्याला स्वतःचे आयुष्य होते.

२. या नावाच्या उपपत्ती म्हणून दोन कथा सांगितल्या जातात. अगस्त्य ऋषींनी वातापी नावाच्या राक्षसाला पोटात जिरविले ते याच ठिकाणी, म्हणून हे नाव पडले, ही पहिली. तलावाचे अगस्त्यतीर्थ हे नाव तिला पूरक आहे. परंतु महाभारताच्या वनपर्वातील आख्यान पाहता इल्वल व त्याचा धाकटा भाऊ वातापी हे मणिमती नगरीत राहत होते असे आढळते. रामायणात हीच कथा दंडकारण्यातील अगस्त्याश्रमाच्या वर्णनात येते. दोहोंपैकी एकाही ठिकाणी वातापी हे नगराचे किंवा डोंगराचे नाव नाही. अर्थात कथेवरून नाव पडले नसून, नावावरून कथा येथे आली आणि कथेमागोमाग तलावाला ऋषीचे नाव मिळाले, असाच क्रम संभवतो. डोंगराच्या नावाला राक्षस मिळाला, तेव्हा राक्षसाला मारणारा ऋषीही मिळणे ओघाने आलेच.

दुसरी उपपत्ती येथील दगड बदामी रंगाचा म्हणून बादामी, अशी सांगितली जाते. ती ऐकणाऱ्यास तत्काळ पटते, कारण सायंकाळच्या उन्हात कडे खरोखरच तसे दिसतात. परंतु बदाम शब्दात मुळातच नसलेले ‘प’ आणि ‘व’ हे वर्ण ग्रामनामाच्या जुन्या लेखांत सातत्याने आहेत, आणि बदामी हे रंगाचे नाव फार मागाहूनचे आहे. जुना अर्थ विस्मृतीत गेला की नाव स्वतःसाठी नवा अर्थ शोधते, याचे ही उपपत्ती एक उदाहरण आहे. राक्षसाची कथा व बदामाचा रंग यांची प्रतिष्ठा वेगवेगळी असली तरी भाषेच्या दृष्टीने दोहोंची जात एकच होय.

३. गावाच्या नावाबाबत पुरावा दूरदूरच्या काळांतला आहे. दक्षिणेच्या डोंगरातील तिसऱ्या लेण्यात मात्र दोन्ही भाषा शेजारी शेजारी भेटतात. हे लेणे मंगलेशाने खोदविले. तेथील संस्कृत लेख शके ५००, म्हणजे इ. स. ५७८ चा असून त्यात या विष्णुमंदिराला ‘लयन’ व ‘महाविष्णुगृह’ म्हटले आहे. त्याच लेण्यापाशी मंगलेशाचाच एक छोटा कन्नड लेख आहे. कन्नड भाषेच्या अगदी प्राचीन लेखांत त्याचे स्थान आहे. त्यात याच वास्तूला ‘कल्मने’ म्हटले आहे. कल् म्हणजे दगड, मने म्हणजे घर. कल्मने म्हणजे दगडाचे घर.

या ठिकाणी मराठी अभ्यासकाने क्षणभर थांबणे अगत्याचे आहे. मराठीतील ‘लेणे’ हा शब्द याच ‘लयन’चा वंशज आहे. नाशिकच्या प्राकृत लेखांतून ‘लेण’ हे रूप इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातच रूढ झालेले दिसते. सह्याद्रीत ज्या शब्दाने खोदीव मंदिराची ओळख पटत होती तोच शब्द मंगलेशाच्या पंडिताने संस्कृत रूपात वापरला. कन्नड बोलणाऱ्यांसाठी मात्र त्याच वेळी वेगळा शब्द योजावा लागला. कल्मने हे लयनाचे भ्रष्ट रूप नव्हे, त्याचे शब्दशः भाषांतरही नव्हे. एका वास्तूकडे पाहणाऱ्या दोन भाषिक समाजांची ती स्वतंत्र नावे आहेत. राजाने दोन्ही समाजांना उद्देशून दोन लेख कोरविले, ही राजनीतीच्या इतिहासातीलही लक्षणीय गोष्ट आहे.

लेण्याला जे गाव दान दिले त्याचे नाव संस्कृत लेखात ‘लंजीश्वर’ व कन्नड लेखात ‘लंजिगेसर’ असे आहे. हे गाव म्हणजे जवळचेच आजचे नंदिकेश्वर, असे मानण्यात येते. तसे असल्यास एकाच गावाला दोन रूपे एका पिढीत आणि तिसरे नाव कालांतराने प्राप्त झाले, असे दिसते. तिसऱ्या नावात मूळ शब्द नाहीसा होऊन शिवाच्या नंदीने त्याची जागा घेतली आहे. अगस्त्यतीर्थाच्या बाबतीत जे घडले तेच येथे घडले: अर्थ न कळणाऱ्या नावाच्या जागी सर्वांना कळणारे पौराणिक नाव आले.

कन्नड लेखात आणखी एक शब्द आहे, तो म्हणजे ‘मालेगार’. देवासाठी फुलांच्या माळा करणाऱ्यांचा वाटा त्या लेखाने ठरवून दिला आहे. संस्कृत लेख राजाचे पुण्य सांगतो. कन्नड लेख माळ्याचा हिस्सा सांगतो. तलावाच्या पलीकडे, उत्तरेच्या डोंगरावर, सातव्या शतकातील जे सुंदर देवालय आहे त्याला लोक ‘मालेगित्ती शिवालय’ म्हणतात. ‘गित्ती’ हा कन्नडमधील स्त्रीवाचक प्रत्यय असून या नावाचा अर्थ सामान्यतः माळा करणारीचे, मराठीत म्हणायचे तर माळिणीचे, शिवालय असा केला जातो. दोन नावांत थेट परंपरा जोडण्याचा मोह टाळला पाहिजे. तरीसुद्धा राजांच्या या नगरीत एक सबंध देवालय एका माळिणीच्या नावाने ओळखले जावे, आणि ते नाव एकाही प्रशस्तीने न देता लोकांच्या जिभेने राखावे, हे दृष्टिआड करण्यासारखे नाही.

४. तलावाच्या ईशान्येच्या कड्यावरील कप्पे अरभट्टाचा लेख याच विचाराला पुष्टी देतो. लिपीवरून तो इ. स. ७०० च्या सुमाराचा मानला जातो. तो कोण्या राजाचा नाही. सज्जनांशी सज्जन व गोड माणसांशी गोड वागणाऱ्या, परंतु कलियुगात दुष्टांना न सोसणाऱ्या एका वीराचे ते वर्णन आहे. त्यातील त्रिपदी हे त्या छंदाचे उपलब्ध असलेले सर्वांत जुने उदाहरण होय. त्रिपदी हा कन्नड स्त्रियांच्या जात्यावरच्या गाण्यांचा छंद आहे. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य वंशातील तिसऱ्या सोमेश्वराने आपल्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओवी गातात अशी नोंद केली आहे. जात्या-मुसळाशी बांधलेले दोन छंद दोन शेजारच्या भाषांत टिकले. त्यांपैकी एकाची सर्वांत जुनी खूण या तलावाच्या काठी दगडावर उमटलेली आहे.

राजकीय उलथापालथीचाही नावांवर परिणाम झाला. इ. स. ६४२ च्या सुमारास पल्लव नरसिंहवर्म्याने ही राजधानी जिंकली. त्याच्या तेराव्या राज्यवर्षातील भग्न लेख येथील खडकावर आहे. तेव्हापासून ‘वातापिकोंड’, म्हणजे वातापी जिंकणारा, हे त्याचे बिरुद झाले. इ. स. ६५५ च्या सुमारास पहिल्या विक्रमादित्याने नगरी परत मिळविली. परंतु तमिळ देशात वातापी हे नाव कायम राहिले. तिरुच्चेंगाट्टंगुडी येथील गणपतीला आजही वातापी गणपती म्हणतात, आणि मुत्तुस्वामी दीक्षितरांच्या कृतीमुळे हे नाव सर्व दक्षिणेत गायिले जाते. ज्या गावचे हे नाव, तेथील लोक त्याला बादामी म्हणतात; ज्यांनी ते गाव जिंकले, त्यांच्याकडे वातापी नांदते. संस्कृत नाव हे दूरवर प्रवास करणारे नाव असते आणि देशी नाव जागच्या जागी टिकणारे असते, असा सामान्य सिद्धान्त यावरून मांडता येईल.

५. बादामीपासून सुमारे पाच किलोमीटरवर असलेली बनशंकरी ही महाराष्ट्रातील अनेक घराण्यांची कुलदेवता आहे. पौष शुद्ध पौर्णिमेच्या यात्रेस मराठी भाविक मोठ्या संख्येने तेथे जातात, आणि देवालयासमोरील दगडी ओवऱ्यांनी वेढलेल्या हरिद्रातीर्थाचे दर्शन घेतात. देवीचे बनशंकरी हे नाव ‘वन’चे ‘बन’ करणाऱ्या त्याच प्रवृत्तीची साक्ष देते. शाकंभरी हे तिचे पौराणिक नाव होय. येथे मात्र दोन्ही नावे भक्तांच्या तोंडी निर्वेधपणे नांदतात, आणि एक खरे व दुसरे बिघडलेले असे कोणी म्हणत नाही. भाविकाला जे सहज समजते ते अभ्यासकाने स्वीकारावयास हरकत नसावी.

सारांश, वातापी व बादामी, लयन व कल्मने, लंजीश्वर व लंजिगेसर या जोड्यांत पहिले मूळ व दुसरे विकृत असा संबंध लावणे पुराव्याला धरून नाही. राजधानीचे जीवन दोन भाषांत चालत होते, आणि प्रत्येक भाषेने वेगळ्या गोष्टी जतन केल्या. विजय, यज्ञ व दानपुण्य यांची स्मृती संस्कृतने राखली. दगडाचे घर, माळ्याचा वाटा आणि माळिणीचे शिवालय यांची स्मृती कन्नडने राखली. कोरलेला लेख झिजला तरी त्याची प्रतिकृती, वाचन व प्रकाशन यांमुळे तो वाचतो. बोलीतील नावाला असा आधार नसतो. घाट, खडक, झरे व शेते यांची नावे वृद्ध माणसांसमवेत नाहीशी होतात, आणि त्यांच्या जागी सर्वत्र सारखीच असलेली पौराणिक नावे येतात. म्हणून ऐतिहासिक स्थळाच्या पाहणीत देवालयांचे आराखडे व लेखांचे ठसे घेतले जातात त्याचबरोबर स्थानिक नावांची, त्यांच्या उच्चारांसह, पद्धतशीर नोंद होणे आवश्यक आहे. अगस्त्यतीर्थाचा काठ हा अशा नोंदीचा आरंभ करण्यास अत्यंत योग्य आहे, कारण तेथे निदान तीन जोड्यांच्या दोन्ही बाजू दगडावर तपासून पाहता येतात.