चूक यंत्राची की आपली?

संगणकाला काम सांगायला शिकणारा विद्यार्थी पहिल्याच आठवड्यात तक्रार करतो, ‘सर, मशीनच बिघडलंय!’ आम्हीही आमच्या प्रयोगशाळेत अनेकदा असेच म्हटले आहे. बहुतेक वेळा यंत्र ठीक निघाले. चूक आमच्या आज्ञावलीत होती.

यंत्रातील दोषाला ‘बग’ म्हणजे किडा म्हणण्याची पद्धत जुनी आहे. एडिसनच्या १८७८ सालच्या पत्रात हा शब्द आढळतो. ९ सप्टेंबर १९४७ रोजी हार्वर्ड विद्यापीठाच्या मार्क-२ संगणकात खरोखरच एक पतंग अडकलेला सापडला व तो नोंदवहीत चिकटवला गेला. पण तो बिघाड यंत्रातला होता. आज्ञावलीतील चूक ही निराळीच गोष्ट आहे.

केंब्रिज येथे मॉरिस विल्क्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी बांधलेला एडसॅक हा संगणक ६ मे १९४९ रोजी चालू झाला आणि त्याने वर्गसंख्यांचा तक्ता छापून दिला. तेव्हा समजूत अशी होती की, काळजीपूर्वक लिहिलेली आज्ञावली बरोबर चालणारच. पुढच्याच महिन्यात विल्क्स यांनी एअरीचे समीकरण सोडवायला घेतले. इंद्रधनुष्याच्या गणितात येणारे हे समीकरण. संगणक वरच्या मजल्यावर, तर कागदी फितीला छिद्रे पाडण्याचे यंत्र खालच्या मजल्यावर होते. फीत दुरुस्त करण्यासाठी जिन्यावरून ये-जा करताना त्यांच्या लक्षात आले की, आपल्या उरलेल्या आयुष्याचा बराच भाग स्वतःच्याच चुका शोधण्यात जाणार आहे!

त्या काळातली एक फीत पुढे सापडली. इतिहासकार मार्टिन कॅम्बेल-केली यांनी १९९२ साली तिचा अभ्यास प्रसिद्ध केला. १२६ ओळींच्या आज्ञावलीत सुमारे २० चुका होत्या. संगणक बांधणाऱ्याची ही अवस्था!

मग उपाय काय? आज्ञावली एकेका पायरीने चालवून यंत्राकडे पाहत बसणे हा एक मार्ग होता. पण त्यात यंत्राचा मोलाचा वेळ जाई. विल्क्स यांचे सहकारी स्टॅन्ली गिल यांनी १९५१ साली वेगळी पद्धत मांडली. त्यांची तपासनीस आज्ञावली संशयित आज्ञावलीतील एकेक आज्ञा पाळून घेई आणि तिचे अक्षर छापी: बेरजेला ‘ए’, वजाबाकीला ‘एस’. तो कागद शांतपणे वाचला की वाट कुठे चुकली ते कळे.

हीच पद्धत वर्गात वापरता येते. १ ते १० या अंकांची बेरीज ५५ यायला हवी. विद्यार्थ्याच्या पायथनमधील आज्ञावलीचे उत्तर येते ४५. बेरजेत घेतलेला प्रत्येक अंक छापायला सांगा. यादी ९ वरच थांबलेली दिसेल. पायथनच्या ‘रेंज’ या आज्ञेत शेवटी दिलेली संख्या धरली जात नाही, हे त्याला मग स्वतःच उमगेल.

म्हणून शिक्षकांना आमची विनंती आहे की, चूक लगेच दाखवू नका. ‘कुठपर्यंत बरोबर होते?’ एवढेच विचारा. हा प्रश्न स्वतःला विचारण्याची सवय लागलेला विद्यार्थी यंत्राला दोष देत बसणार नाही, आणि स्वतःच्या चुकीला भिणारही नाही.